सायगॉन हीट की कॅन थो कॅटफिश? व्हिएतनामच्या लीगमध्ये आपला संघ निवडताना

नोकरीनिमित्त एक-दोन वर्षांसाठी हो ची मिन्ह सिटीत राहायला जाणाऱ्या मराठी माणसाला तिथे क्रिकेट फारसे भेटत नाही. बास्केटबॉलची व्यावसायिक लीग मात्र भेटते आणि ती प्रत्यक्ष मैदानात बसून पाहण्यासारखी आहे. व्हिएतनाम बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजेच ‘व्हीबीए’, या नावाने ती 2016 मध्ये पाच संघांनिशी सुरू झाली. पुढच्या वर्षी थांग लाँग वॉरियर्स आणि 2021 मध्ये न्हा त्रांग डॉल्फिन्स हे संघ तिच्यात आले. दक्षिण व्हिएतनाममध्ये राहणाऱ्या नव्या प्रेक्षकापुढे खरी निवड उरते ती हो ची मिन्ह सिटीचा (म्हणजे जुन्या सायगॉनचा) सायगॉन हीट आणि कॅन थो शहराचा कॅन थो कॅटफिश या दोघांमध्ये. हनोईच्या संघांचे सामने नियमाने पाहायचे तर दर वेळी विमान गाठावे लागेल, म्हणून त्यांचा विचार मी येथे करत नाही.

अनुभवाच्या बाबतीत हीटच्या जवळपास कोणी नाही. व्हीबीए अस्तित्वातही नव्हती तेव्हा, 2011 मध्ये, हा देशातला पहिला व्यावसायिक बास्केटबॉल संघ म्हणून उभा राहिला आणि 2012 पासून आग्नेय आशियाई देशांच्या एबीएल या स्पर्धेत फिलिपिन्स, थायलंड, मलेशियाच्या मुरलेल्या संघांशी खेळू लागला. ती स्पर्धा हीटला कधी जिंकता आली नाही. तरीही मोसमामागून मोसम आपल्यापेक्षा सरस प्रतिस्पर्ध्यांशी खेळताना सराव, प्रशिक्षण आणि व्यवस्थापन यांची जी घडी या संघात बसली, तिचे फळ पुढे देशांतर्गत लीगमध्ये दिसले: 2019, 2020, 2022 आणि 2023 अशी चार अजिंक्यपदे हीटच्या नावावर आहेत. घरच्या संघाने बहुतेक सामने जिंकावेत, खेळ नीटस आणि वेगवान असावा, अशी ज्याची अपेक्षा आहे, त्याने फार विचार न करता हीटकडे वळावे.

मात्र एक गोष्ट नजरेआड करू नये. लीगची पहिली तीन विजेतेपदे हीटला मिळाली नव्हती. 2016 मध्ये दा नांग ड्रॅगन्स, 2017 मध्ये थांग लाँग वॉरियर्स आणि 2018 मध्ये कॅटफिश विजेते ठरले. महानगरातला सगळ्यात जुना संघ वाट पाहत असताना मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका नदीकाठच्या शहराने करंडक नेला, ही मला या लीगच्या इतिहासातली सर्वांत सुंदर घटना वाटते आणि कॅटफिशकडे माझा जो ओढा आहे त्याचे मूळ तिथेच आहे.

नावांतूनही दोन्ही संघांचा स्वभाव कळतो. सायगॉनचे अधिकृत नाव 1976 मध्ये बदलले, पण लोकांच्या तोंडी जुने नाव टिकले आणि हीटने तेच उचलले. अधिकृत नाव त्याच शहरातल्या दुसऱ्या संघाने, हो ची मिन्ह सिटी विंग्जने घेतले. म्हणजे या महानगराचा पाठिंबा दोन संघांत विभागलेला आहे. कॅन थोचे तसे नाही. भारतातल्या हॉटेलांत ‘बासा’ म्हणून जो बिनकाट्याचा मासा ताटात येतो, तो मूळचा याच मेकाँग खोऱ्यातला कॅटफिश आणि त्याच्या शेतीवर या भागातली असंख्य घरे चालतात. संघाचे नाव त्या माशावरून पडले आहे आणि साऱ्या त्रिभुज प्रदेशाला आपला म्हणावा असा व्हीबीएतला संघ हाच आहे. जुलै 2025 मध्ये शेजारचे सॉक त्रांग आणि हाऊ जियांग हे प्रांत कॅन थो शहरात विलीन झाल्यामुळे ‘घरचा संघ’ या शब्दांची व्याप्ती तर आणखीच वाढली आहे.

खेळाच्या दर्जाबद्दल बोलताना व्हिएत किऊ खेळाडूंचा उल्लेख टाळता येत नाही. 1975 नंतर देश सोडून मुख्यतः अमेरिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबांची ही मुले. तिथल्या शाळा-कॉलेजांत बास्केटबॉल शिकून आई-वडिलांच्या देशात खेळायला येतात. 2019 च्या आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेत व्हिएतनामच्या पुरुष संघाने मिळवलेल्या कांस्यपदकात त्यांचा मोठा वाटा होता. गुणपत्रक हातात घेतले की हे लगेच ओळखू येते: स्थानिक खेळाडूचे आडनाव व्हिएतनामी रीतीप्रमाणे आधी असते, तर परदेशात वाढलेल्याचे पुष्कळदा शेवटी. दोन्ही संघ अशा खेळाडूंवर आणि परदेशी खेळाडूंवर भर देतात, त्यामुळे केवळ या निकषावर निवड करण्यात अर्थ नाही.

सोयीचे पारडे निःसंशय हीटकडे झुकते. संघाचे घर म्हणून ओळखला जाणारा सीआयएस अरीना शहराच्या दक्षिणेला, फू मी हुंग वसाहतीच्या परिसरात, एका आंतरराष्ट्रीय शाळेच्या आवारात आहे. परदेशी कुटुंबांची वस्ती आसपास बरीच असल्याने इंग्रजीवर काम भागते. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेली मेट्रो मात्र या बाजूला येत नाही. पावसाळ्यातल्या संध्याकाळी मध्यवर्ती भागातून निघालात, तर टॅक्सीचा वेळ दुप्पट धरूनच निघावे.

कॅन थो साधारण 170 किलोमीटरवर आहे. मिएन ताय बसस्थानकावरून दिवसभर गाड्या सुटतात आणि तीन ते चार तासांत पोहोचवतात. 2010 मध्ये हाऊ नदीवर पूल झाला नव्हता तोवर फेरीबोटीची रांग लावावी लागे. दर आठवड्याला हा प्रवास कोणी करणार नाही, आणि खेळ नव्यानेच समजून घेणाऱ्याला तर आठवड्याला एक सामना हवाच. म्हणून पहिल्या मोसमासाठी माझा सल्ला हीटचाच आहे.

पण ज्यांना खेळ आधीपासून कळतो आणि ज्यांना आपल्या संघाबरोबर हरण्याचीही तयारी ठेवायची आहे, त्यांनी कॅटफिश निवडावा. त्या वर्षीचे वेळापत्रक पाहून हीट कॅन थोला खेळायला जाणार असेल तो दिवस धरावा, रात्री तिथेच मुक्काम करावा आणि पहाटे पाचला काय रांगच्या तरंगत्या बाजाराकडे जाणारी होडी पकडून दुपारच्या बसने परतावे.