५ किलोच्या लोखंडी प्लेट्सची जोडी – पकडीसाठी एकदम भारी

खरं तर डंबेलच्या रॉडला लावायला घेतल्या होत्या या प्लेट्स, पण आता जास्त वापर बोटांसाठीच होतोय. एका बाजूने पूर्ण सपाट आहेत, आणि हेच महत्त्वाचं, कारण दोन प्लेट्सच्या सपाट बाजू बाहेर ठेवून चिमटीत धरायच्या म्हटल्या की सगळा भार अंगठ्यावर येतो, रॉड धरताना अंगठ्याला एवढं काम कधीच पडत नाही. पहिल्या दिवशी १० सेकंदात निसटल्या, आता दीड महिन्याने ३५-४० सेकंद आरामात धरतो.

मनगटासाठी एकच प्लेट काठाने धरायची, अंगठा वर, बाकी बोटं खाली, आणि कोपर शरीराला चिकटवून कर्ल मारायचा, म्हणजे हात कोपरातून वाकवून प्लेट वर आणायची. प्लेट पुढे झुकू द्यायची नाही, इथेच खरी कसोटी आहे!! ५ किलो ऐकायला कमी वाटतं पण वजन हातापासून लांब जातं ना, त्यामुळे मनगटाला ते खूप जड पडतं, नवीन असाल तर अडीचचीच घ्या प्लीज. बोटं वाकवणारे मोठे स्नायू कोपराखालच्या भागात असतात म्हणून दुखतं पण तिथेच. स्नायूंपेक्षा टेंडनला (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) ताकद यायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे मी आठवड्यातून दोनदाच करतो.

तक्रार एकच, कड नीट घासलेली नाही, बोटाला टोचते, मी सॅंडपेपर मारून घेतला. रबर कोटिंगवाल्या घेऊ नका, या कामाला त्या जाड पडतात. ४ स्टार.