पीएसएलव्हीचा चौथा टप्पा, आणि आमचं दीड किलोचं उपकरण

आमची गरज साधी होती: दीड किलोचं उपकरण सहा आठवडे अवकाशात चालवून बघायचं. पुण्यातली पाच जणांची टीम, आणि आधी आम्ही थेट क्यूबसॅट, म्हणजे डब्याएवढा स्वतंत्र उपग्रहच बांधायला घेतला होता. उपकरण अजून उडालेलं नाही, त्यामुळे हे मत उपकरण वर न्यायचा पर्याय कसा निवडला, याबद्दलचं आहे.

स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटची ट्रान्सपोर्टर फेरी, म्हणजे अनेकांचे उपग्रह एकत्र नेणारं उड्डाण, पहिली पाहिली. दर उघड लिहिलेले असतात, ते मला फार आवडलं. पण किमान दर ५० किलोच्या जागेचा, तीन लाख डॉलरच्या वर. छोट्या उपग्रहाला बहुधा मध्यस्थाकडूनच जावं लागतं. आमच्या मध्यस्थाने दोनदा तारीख पुढे ढकलली आणि आम्ही बुकिंगचे पैसे परत मागितले तेव्हा त्याने करारातलं कलम पुढे केलं. तो महिना फार वाईट गेला.

रॉकेट लॅबच्या इलेक्ट्रॉन या छोट्या रॉकेटवर कक्षा आपल्या मनाची मिळते, पण ३०० किलो नेणारं ते रॉकेट एका डब्यासाठी करणं म्हणजे एका पिशवीसाठी अख्खा टेम्पो ठरवणं.

मग पोएम, म्हणजे इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर उपकरणं बसवून ती कक्षेत चालवायची सोय. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा मुख्य उपग्रह सोडल्यावर नुसता फिरत राहायचा. २०२२च्या सी-५३ उड्डाणापासून सौर पट्ट्यांच्या जोडीला त्याला स्वतःचं दिशानियंत्रण मिळालं. वीज तो देतो, माहिती खाली तोच पाठवतो. आपण फक्त डबा न्यायचा! आमची बॅटरी, रेडिओ, सौर पट्ट्या, सगळं यादीतून गेलं. डिसेंबर २०२४च्या पोएम-४वर २४ उपकरणं होती. त्यातल्या चवळीला चार दिवसांत कोंब आले. ती बातमी वाचून आम्ही त्याच संध्याकाळी इन-स्पेसच्या, म्हणजे खासगी अवकाश कामांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या अर्जाला बसलो.

कष्ट मात्र कमी होत नाहीत. कंपन चाचणीत आमच्या एका कनेक्टरचा स्क्रू अर्धा वळसा सैल झाला होता. डोळ्यांना दिसलाच नाही, नखाला लागला. सगळे सोळा स्क्रू काढून लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावून पुन्हा बसवले.

उणिवाही आहेत. तारीख मुख्य उपग्रह ठरवतो. अलीकडे टप्पा ३५० किलोमीटर उंचीवर आणलेला असतो, म्हणजे आयुष्य काही महिन्यांचं. मे २०२५मध्ये पीएसएलव्हीचं सी-६१ उड्डाण तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडाने गेलं, ती धास्ती आहेच. तरी आमचं मत पक्कं आहे.

दोन-तीन वर्षं रोज फोटो हवे असतील तर पोएम उपयोगाचं नाही. तेव्हा ट्रान्सपोर्टर बघा, आणि तारीख हुकली तर पैशांचं काय, ते सहीआधी लेखी घ्या.