भीमाशंकर मे महिन्यात: देवळामागचं रान आणि त्याच्या दोन वाटा

मे महिन्यात भीमाशंकरला जाऊन आलेले लोक दोनच गोष्टी सांगतात. पायऱ्यांवर गर्दी होती आणि धबधबा कोरडा होता. दोन्ही खरं. पण देवळापासून हाकेच्या अंतरावर सदाहरित रान सुरू होतं, ते उन्हाळ्यातही दाट आणि गार असतं, आणि शेकरू (मोठी झाडखार) बघायचं तर भर पावसापेक्षा हा मोसम बरा. अट एकच: सकाळी साडेसहाला पाय वाटेला लागायला हवेत. साडेसहा ते साडेदहाच्या भेटीला पाचपैकी साडेचार गुण, भर दुपारच्या भेटीला दोन.

अभयारण्य 1985 सालचं, सुमारे 130 चौरस किलोमीटरचं. पुणे, ठाणे आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. झाडी त्याहून कितीतरी जुनी, आणि तिचे बरेच तुकडे टिकले ते देवाच्या धाकाने. इथल्या महादेव कोळी वाड्यांच्या देवरायांमध्ये पडलेलं वाळकं लाकूडही घरी न्यायचं नाही अशी रीत. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कायद्याआधीपासून चालत आलेली ही राखण अभ्यासकांच्या नजरेत भरली. आजही रस्त्यालगतचा उघडाबोडका उतार आणि त्याला लागून अचानक सुरू होणारी काळी झाडी बघितली की फरक सांगावा लागत नाही.

देवळाच्या परिसरातून दोन वाटा करण्याजोग्या आहेत. एक हनुमान तळ्यावरून नागफणीच्या कड्यावर जाते, एका बाजूने साधारण अडीच-तीन किलोमीटर. दुसरी साक्षी विनायकावरून गुप्त भीमाशंकरला, ओढ्यातल्या शिवलिंगापाशी, उतरते, ती दीड-दोन किलोमीटर. बहुतेक लोक आधी दर्शन, मग गुप्त भीमाशंकर आणि शेवटी जमलं तर नागफणी असा क्रम लावतात. उन्हाळ्यात तो साफ चुकतो. नागफणीचा शेवटचा टप्पा उघड्यावरचा, वाळल्या गवताचा आहे. नऊनंतर तिथे डोकं तापतं. गुप्त भीमाशंकरची वाट बरीचशी सावलीतून जाते, ती मागे ठेवली तरी चालते. म्हणून नागफणी आधी, आठच्या आत माथ्यावर, आणि देवदर्शन सगळ्यांत शेवटी. (घरची ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर हा क्रम त्यांच्या गळी उतरवणं हेच सगळ्यांत अवघड काम.)

चालताना नजर पायाशी नको, वर हवी. पण वर कुठे पाहायचं ते पायाशीच कळतं. वाटेवर ताज्या कुरतडलेल्या फळांचे आणि सालींचे तुकडे सांडलेले दिसले की थांबायचं, बोलणं बंद करायचं आणि पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. शेकरूचा आवाज खारीसारखा नाजूक नाही. कुणीतरी खुळखुळा जोरात हलवल्यासारखा खडखडाट असतो. मग फांदी हलते. तांबूस-विटकरी पाठ, पिवळट पांढरं पोट, टोकाकडे फिकट होत गेलेली झुबकेदार शेपटी. शेपटीसकट जवळजवळ मीटरभर जनावर. खाताना ते मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लोंबकळतं, फळ पुढच्या दोन पायांत, आणि तोल सांभाळायला शेपटी दुसऱ्या बाजूला. एका झाडावरून दुसऱ्यावर वीस फुटांची उडी सहज मारतं. घरटी शोधणं सोपं आहे: शेंड्याकडच्या बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचे गोळे. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, म्हणून घरटं दिसलं की शेकरू आहेच असं नाही. गोळ्यात हिरवी पानं खोवलेली असतील तर तिथे थांबायला हरकत नाही. सगळी तपकिरी असतील तर पुढे चला. दुपारी ते झोपतं, त्यामुळे अकरा वाजता आलेल्यांना ‘इथे काहीच नाही’ असं वाटणं साहजिक आहे.

झाडांमध्ये अंजनी ओळखून ठेवावी. फांदीलाच चिकटलेल्या जांभळ्या-निळ्या फुलांचा तिचा बहर उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. मे संपताना त्याच्या आशेने जाऊ नये. जांभूळ, आंबा, पिसा, हिरडा भरपूर. मधूनच मांडीएवढ्या जाडीचा वेल अजगरासारखा पिळे घेत वर गेलेला दिसतो, ती गारंबी. तिची शेंग हातभर, कधी त्याहून लांब असते आणि आतल्या चपट्या तपकिरी बिया तळहातावर मावतील एवढ्या. बी खिशात घालायचा मोह होतोच. अभयारण्यातून काहीही उचलायला मनाई आहे. हिरड्याचं वेगळं: याच दिवसांत वाड्यांच्या अंगणात काळा पडत आलेला बाळहिरडा वाळत घातलेला दिसतो. कोवळी फळं वाळवून विकणं हा इथल्या घरांचा उन्हाळ्यातला मोठा आधार, तेव्हा वाळवणावरून चालत जाऊ नका.

करवंदं रस्त्याकडेला बसलेल्या बायकांकडून पानाच्या द्रोणातच घ्यावीत. चीक ओठांना चिकटतो, लहान मुलांना आधी सांगून ठेवा. आणि ‘कोंबडा की कोंबडी’ (आतून लाल की फिकट) विचारल्याशिवाय फोडू नका.

आता काय बिघडतं ते. वाटेवर पिण्याचं पाणी नाही, तळ्याचं पिण्याजोगं नाही. माणशी तीन लिटर सोबत हवं. पाचोळ्याखाली सुटे खडे असतात आणि उतारावर पाय सरकतो, त्यामुळे झिजलेल्या तळव्याचे बूट पावसाइतकेच उन्हाळ्यातही धोक्याचे. गवतातून गेल्यावर पोटऱ्या आणि मोज्यांची कड गोचिडांसाठी तपासावी. कड्यांवर आग्यामोहोळं असतात. तीव्र अत्तर नको, धूर तर मुळीच नको. विडी-काडीने वणवा लागायला या दिवसांत एक ठिणगी पुरते. दुर्बीण 8×42 ची आणा. 10 पटीची झाडीतल्या अंधुक उजेडात हलते आणि काळी दिसते.

वाट चुकण्याची जागा ठरलेली आहे. नागफणीच्या बाजूला काही मळलेल्या पायवाटा फुटतात, त्या पदरवाडीवरून खांडसकडे कोकणात उतरतात. वाट सलग पश्चिमेला उतरू लागली तर परत फिरा. मोबाइलच्या रेंजवर भरवसा ठेवू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या. खांडसहून गणेश घाटाने किंवा शिडी घाटाने मे महिन्यात चढणं हा शहाणपणा नाही; पहाटे निघूनही वरचा टप्पा उन्हात सापडतो.

नागफणीवरून पदरगड आणि खालचं कोकण दिसतं असं सगळेच सांगतात. मे महिन्यात हवा धुरकट असते, पदरगड दिसतो आणि त्यापलीकडचं बहुतेक वेळा पुसट. नजाऱ्यासाठी यायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. गुप्त भीमाशंकरलाही पाण्याची बारीक धार मिळाली तर नशीब. रात्री चमकणारी बुरशी पावसाळ्यातली. ती मेमध्ये दिसत नाही, आणि अंधार पडल्यावर जंगलात शिरायचंही नसतं. मेअखेरीस दुपारी ढग दाटले तर वळीव येतो. त्या वेळी उघड्या माथ्यावर थांबू नका.

पुण्याहून राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव, डिंभे असा सुमारे 110 किलोमीटरचा रस्ता आहे. गाडीने तीन तास धरा. साडेसहाला सुरुवात करायची तर आदल्या रात्री घोडेगाव-तळेघर पट्ट्यात मुक्काम सोयीचा. शनिवार-रविवार आणि सोमवार टाळा. देवळाच्या परिसरात कामं सुरू असली की वाहनतळ आणि वाटांची तोंडं बदलतात, निघण्याआधी चौकशी करा. पायऱ्या दोनशेहून जास्त आहेत, आणि त्या परतीला, थकल्या पायांनी, चढायच्या असतात. माकडांपासून डबा पिशवीत, पिशवी पाठीवर. अकराला वर आलात तर जेवणाच्या वेळेला मंचर गाठता येतं.