नऊची मराठी उपासना: तीन महिने नियमित गेल्यानंतरचा अभिप्राय

बदलीनिमित्त अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहायला आल्यापासून गेले तीन महिने मी आणि माझी आई तेथील जुन्या मराठी देवालयात, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी सकाळी ९च्या उपासनेला जात आहोत. नव्या गावी आलेली ख्रिस्ती कुटुंबे सर्वांत आधी कोणत्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या कोणत्या समुदायात, जावे हेच विचारतात, म्हणून त्यांच्या उपयोगासाठी हे लिहीत आहे. मंडळीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण येथे उणिवाही स्पष्ट लिहिल्या आहेत आणि त्या या एकाच मंडळीत आढळतात असे नाही.

उपासनेबद्दल असा अभिप्राय देणे योग्य आहे का, अशी शंका काहींना येईल. उपासना देवाची असली तरी तिची तयारी माणसे करतात आणि ती चालवतातही माणसेच. ती नीट चालली आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मंडळीवर आहे. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या, बायबलच्या नव्या करारातील पहिल्या पत्रात कितीतरी मजकूर याच विषयावर आहे: प्रभुभोजनाला (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला) जमल्यावर तुम्ही एकमेकांसाठी थांबत का नाही, एकाच वेळी सगळे का बोलता, जे बोलता ते ऐकणाऱ्याला कळते तरी का. माझी कसोटीही तिथूनच घेतलेली आहे. आपल्या ‘उपासना’ या शब्दाचा मूळ अर्थ जवळ बसणे असा आहे, आणि पूर्वेकडील मंडळ्या उपासनेसाठी जो ‘लितुर्गिया’ हा ग्रीक शब्द वापरतात, तो मुळात नगराच्या भल्यासाठी केलेल्या सार्वजनिक कामाचा शब्द होता. तेव्हा पाहायचे ते एवढेच, की बाकांवर आणि सतरंजीवर बसलेली माणसे त्या दीड तासात स्वतः काय करतात. ती नुसती बघत बसत असतील, तर वेदीजवळ कितीही सुंदर चालले असले तरी उपासना अपुरी आहे, असे मी मानतो.

व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगतो. देवालय दगडी, कौलारू आणि हवेशीर आहे. चपला बाहेर काढाव्या लागतात. बाके पुरेशी आहेत, तरी पुढच्या मोकळ्या जागेत सतरंजी अंथरलेली असते आणि बऱ्याच वयस्क बाया तिथेच बसणे पसंत करतात. डाव्या दाराला उतरण केलेली असल्यामुळे चाकाची खुर्ची आत नेता येते. उपासना वेळेवर सुरू होते. नव्या माणसाला नाव विचारून, हात जोडून ‘जय ख्रिस्त’ म्हणून आत बसवले जाते, पण उभे करून ओळख करून देण्याचा आग्रह होत नाही, हे मला फार आवडले.

गायन हा येथील उपासनेचा सर्वांत समृद्ध भाग आहे. अहमदनगरच्या परिसरात अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेचे काम १८३१ साली सुरू झाले, आणि याच भागात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजवली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरला आले आणि त्यांनी मराठी मंडळीला तिची स्वतःची गीते दिली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते सांगत, आणि त्यांचे अभंग गाताना ते पदोपदी जाणवते. शब्दाचा आघात जिथे पडायला हवा तिथेच तालाची सम येते, म्हणून अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते दोन-तीन रविवारांत पाठ होतात. या देवालयात उपासनेचा मधला आणि शेवटचा भाग याच गीतांचा असतो. साथीला पेटी, तबला आणि दोन झांजा. तबला वाजवणारे गृहस्थ सत्तरीचे आहेत. प्रार्थना संपत आली की ते हातोडीने हलकेच गठ्ठे ठोकून सूर जुळवतात, आणि तो आवाज आला की मंडळी पुस्तके उघडते. एक जण ओळ सांगतो, बाकीचे उचलतात. बायांची बाजू पुरुषांच्या बाजूपेक्षा किंचित पुढे धावते आणि धृपदाला दोन्ही बाजू पुन्हा एकत्र येतात. माझ्या आईला आता बारीक अक्षर दिसत नाही. गीतांचे पुस्तक ती मिटलेलेच मांडीवर ठेवते, त्यावर तळहात ठेवून सगळी कडवी म्हणते, आणि एखाद्या कडव्याला शेजारणीने चुकीची ओळ घेतली तर तिला कोपराने सावध करते.

याच्या आधी, उपासनेच्या सुरुवातीला, सुमारे अर्धा तास ‘स्तुती-आराधना’ असते. ती तरुण संघ चालवतो. कीबोर्ड, ड्रम, दोन मोठे स्पीकर आणि भिंतीवर शब्द दाखवणारा पडदा अशी सामग्री आहे. या मुलामुलींच्या निष्ठेबद्दल मला तिळमात्र शंका नाही, कारण शनिवारी संध्याकाळी दोन-दोन तास सराव करणारी, रविवारी सर्वांच्या आधी येऊन झाडलोट करणारी हीच मुले आहेत. तरीही या अर्ध्या तासात मंडळी गप्प असते, आणि त्याची कारणे साधी आहेत. गीतांची पट्टी इतकी उंच ठेवलेली असते की साध्या गळ्याला ती झेपत नाही. बहुतेक गीते हिंदी किंवा इंग्रजी चालींवर बेतलेली असल्यामुळे मराठी शब्द तिथे ओढूनताणून बसवावे लागतात. दर आठवड्याला नवे गीत येते आणि जुने होण्याआधीच सोडले जाते. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी दिसतात, त्याही पुष्कळदा अशुद्ध. ‘मी दीन’ असे असायला हवे तिथे ‘मी दिन’ असे लिहिलेले मी लागोपाठ तीन रविवार पाहिले. हे क्षुल्लक वाटेल, पण देवापुढे आपली दीनता सांगणाऱ्या माणसाच्या तोंडी आपण चुकीचा शब्द देत आहोत, याची काळजी घ्यायला हवी. आणि आवाज इतका मोठा असतो की दुसऱ्याच रविवारी घरी येताना आई म्हणाली, “आज मला माझाच आवाज ऐकू आला नाही रे.”

तिच्या या वाक्यापुढे माझी बाकीची सगळी टीका मला दुय्यम वाटते. पौल करिंथकरांना विचारतो, की तू आत्म्याने उपकारस्तुती केलीस, पण शेजारच्या माणसाला ती समजलीच नाही, तर त्याने तुझ्या स्तुतीला आमेन कसे म्हणावे? त्याचा प्रश्न अनोळखी भाषेविषयी होता. आज तो स्पीकरलाही लागू पडतो. ही गोष्ट मी तबलावाले गृहस्थ आणि तरुण संघाची दोन मुले यांच्याशी बोललो. त्यांनी ती मनावर घेतली, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. गेल्या महिन्यापासून पट्टी पेटीच्या काळी चारवरून खाली काळी दोनवर आणली आहे, एक स्पीकर बंद ठेवला आहे, आणि कीबोर्डच्या साथीने टिळकांचा एक अभंग सुरुवातीलाच घेतला जातो. त्या एका गीताला सारे देवालय गाते. उरलेल्या गीतांचे काम अजून बाकी आहे.

शास्त्रपाठ तीन होतात: जुन्या करारातून, पत्रांतून आणि शुभवर्तमानातून. पाठ मंडळीतील माणसेच वाचतात, त्यात शाळकरी मुलांचीही पाळी असते आणि वाचन आधी घोकून घेतलेले असल्याचे कळते. पाळकसाहेबांचा (मंडळीच्या धर्मगुरूंचा) संदेश, म्हणजे प्रवचन, वीस-बावीस मिनिटांचा, वचनाला धरून असतो. पापांगीकाराची प्रार्थना सर्वांनी मिळून म्हणायची असते, पण ती घाईने म्हटली जाते. दोन वाक्यांच्या मध्ये श्वासभर थांबले, तर माणसाला स्वतःचे काही आठवायला अवसर मिळेल.

माझी खरी तक्रार अर्पणाविषयी आहे. थैली फिरवून झाल्यावर व्यासपीठावरून दात्यांची नावे, निमित्ते आणि रकमा वाचल्या जातात; सणाच्या रविवारी यात पंधरा-पंधरा मिनिटे जातात. हिशेब चोख असावा, तो फलकावर लावावा, त्याला कोणाची हरकत असणार नाही. परंतु उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये असे ज्या प्रभूने सांगितले, त्याच्या उपासनेत पाचशेच्या आणि पाच हजारांच्या नावांची यादी वाचणे मला पटत नाही. समोर मजुरीवर जगणारी माणसे बसलेली असतात आणि यादी चालू असताना ती खाली पाहतात. ही प्रथा बंद व्हावी, असे मी मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांना, लेखी कळवले आहे.

प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असते, आणि या मंडळीला पहिल्यांदा भेट द्यायची झाल्यास त्याच दिवशी यावे, असे मी सुचवीन. ही मंडळी ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मोडते, ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली तेव्हा सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या होत्या, आणि त्या एकीकरणाचा परिणाम येथील विधीत दिसतो. प्रार्थनांचा क्रम ठरलेला आणि गंभीर आहे, तर वातावरण जुन्या मिशनच्या मंडळीसारखे घरगुती. द्राक्षरस विकत आणत नाहीत. मंडळीतील एक काकू शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालतात, पहाटे उकळून, गाळून, पितळी झाकणाच्या डब्यात घेऊन येतात. लोक रांगेने कठड्यापाशी गुडघे टेकतात. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी पाळकसाहेब स्वतः बाकापर्यंत येतात, आणि तोवर कोणीही आपला पेला ओठाला लावत नाही. सगळे हातात धरून थांबतात. पौलाने एकमेकांसाठी थांबायला सांगितले होते, ते येथे शब्दशः पाळले जाते.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे जे वर्णन लिहून ठेवले, ते वाचलेल्या माणसाला हा क्रम ओळखीचा वाटेल: प्रेषितांच्या आठवणींचे आणि संदेष्ट्यांच्या लेखांचे वाचन, प्रमुखाचा बोध, उभे राहून सर्वांची प्रार्थना, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षरस, लोकांचे आमेन, अनाथ आणि विधवांसाठी जमा केलेले दान. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवकांच्या हाती वाटा पाठवला जाई, असेही त्याने लिहिले आहे. हा शेवटचा भाग अनेक ठिकाणी सुटला आहे. येथे तो टिकून आहे. उपासना संपल्यावर पाळकसाहेब आणि एक वडील लहान पेटी घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. मागच्या पहिल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दोन खोल्यांच्या घरात अर्धांगवायू झालेले एक वृद्ध पलंगावर होते. सुनेने पत्र्याच्या ट्रंकेवर इस्त्री केलेला पांढरा रुमाल अंथरून ठेवला होता आणि शेगडी विझवून, डोक्यावर पदर घेऊन ती बाजूला उभी होती. प्रभूची प्रार्थना सुरू झाली तेव्हा त्या आजोबांचे शब्द कळत नव्हते, पण ताल बरोबर होता. पाळकसाहेब त्यांच्या गतीने हळू झाले आणि आम्हीही. भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून ओठात ठेवल्यावर ‘आमेन’ मात्र स्पष्ट ऐकू आले.

या विधीविषयी एकच गोष्ट सुधारावी, असे वाटते. प्रभुभोजनाच्या आधी लहान मुलांना शब्बाथ शाळेसाठी (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी) बाहेर नेतात. त्यांनी ते घेण्याचे वय झालेले नसेल, पण आईवडील गुडघे टेकतात आणि सगळी मंडळी हातातला पेला धरून थांबते, हे त्यांनी पाहिलेले असावे. महिन्यातून एक रविवार शाळा उपासनेनंतर भरवता येईल.

पुण्याच्या आमच्या जुन्या मंडळीकडून आईचा आणि माझा असे सभासदत्वाचे दोन्ही दाखले मी पत्र पाठवून मागवले आहेत. ते येईपर्यंत आईने सतरंजीवरची, तबल्याशेजारची जागा धरून ठेवली आहे.