सहा इंची डॉब घेतली, शुक्र आणि मंगळ दोन्ही बघून झाले, आता लिहिते

ग्रह बघायला म्हणून पहिली दुर्बीण घेत असाल तर सरळ सहा इंची डॉब्सोनियन (डॉब, म्हणजे खाली ठेवायच्या फिरत्या बेसवरची आरशाची दुर्बीण) घ्या, तीन पायांच्या स्टँडवरच्या त्या बारीक दुर्बिणींच्या नादाला लागू नका. आरसा १५० मिमी, फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगं), म्हणजे १२०० ला त्यांनी भागून ४८ पट आणि १२० पट. मोटर नाही, ॲप नाही, हाताने ढकलायची आणि बघायचं. नळी चार फुटांच्या आसपास, बेस धरून वजन साधारण १५ किलो, त्यामुळे लिफ्ट नसेल तर गच्चीवर नेताना नळी आणि बेस वेगवेगळे न्या.

आता मुख्य मुद्दा. शनीची कडी, गुरूचे चंद्र याबद्दल सगळेच लिहितात, मला शुक्र-मंगळाबद्दल लिहायचंय कारण हे आपले दोन्ही बाजूचे शेजारी आणि या दुर्बिणीतून त्यांच्यातला हवेचा फरक अक्षरशः डोळ्यांनी कळतो. जानेवारी २०२५ मध्ये योग फार छान होता, १० तारखेला शुक्र आपल्या आकाशात सूर्यापासून सगळ्यात लांब, १६ ला मंगळाची प्रतियुती (म्हणजे पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य आणि विरुद्ध बाजूला मंगळ), संध्याकाळी पश्चिमेला शुक्र बघायचा आणि मग पूर्वेला वळून पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळचा मंगळ.

शुक्र दिसतो पांढराशुभ्र, अर्ध्या चंद्रासारखी कला (उजळलेल्या भागाचा आकार) एकदम स्पष्ट, आणि बाकी काही नाही! डाग नाही, रेघ नाही, कितीही वेळ बघा. बऱ्याच जणांना वाटतं दुर्बीण खराब आहे, तर तसं अजिबात नाही, आपण त्याची जमीन बघतच नसतो, ४८ ते ७० किमी उंचीवरचे सल्फ्युरिक ॲसिडचे ढग बघत असतो. ते ढग अंगावर पडलेलं तीन चतुर्थांश ऊन परत फेकतात म्हणून तो एवढा झगझगीत. गंमत म्हणजे एवढं ऊन परत जाऊनही खाली ४६५ अंशांच्या आसपास तापमान, सूर्याच्या जास्त जवळ असलेल्या बुधापेक्षाही जास्त, कारण खालच्या हवेत ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि दाब आपल्या ९२ पट, म्हणजे आपल्याकडे समुद्रात ९०० मीटर खोल गेल्यावर असतो तेवढा. १९८२ मध्ये सोव्हिएत रशियाचं व्हेनेरा १३ यान तिथे उतरलं आणि १२७ मिनिटं टिकलं, ३२ मिनिटांसाठी बनवलं होतं हे लक्षात घेतलं तर मला ते फार मोठं काम वाटतं.

मंगळाचं बरोब्बर उलटं. तिथे जमीनच दिसते! १२० पटीला त्या प्रतियुतीत तो साध्या डोळ्यांना चंद्र दिसतो जवळपास तेवढा होता, आणि हवा शांत असेल तेव्हा उत्तर ध्रुवाची पांढरी टोपी आणि सिर्टिस मेजर नावाचा जमिनीवरचा काळा पट्टा दिसतो, तोच पट्टा ज्याचं चित्र डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सने १६५९ ला काढलं होतं. रोज एकाच वेळेला बघितलं तर पट्टा थोडा थोडा सरकलेला दिसतो कारण मंगळाचा स्वतःभोवतीचा फेरा २४ तास ३७ मिनिटांचा, हे स्वतः बघून कळतं तेव्हा जो आनंद होतो तो कुठल्याच व्हिडिओत नाही. आणि तिथली हवासुद्धा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडच बरं का! गॅस तोच, पण इतका विरळ की दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, ऊब धरून ठेवायला पुरतच नाही, सरासरी तापमान उणे ६० च्या आसपास. कधी कधी मात्र तिकडे धूळ उडते, २०१८ च्या प्रतियुतीला तर अख्ख्या ग्रहावर वादळ होतं आणि इकडे आपला जुलैचा पाऊस, म्हणजे दोन्हीकडून पडदा.

आता दुर्बिणीतल्या कमतरता. सोबतचा १० मिमीचा आयपीस साधारणच, मंगळाची कड मऊ दिसते, वेगळा ६ मिमीचा घेतला की २०० पट मिळते आणि खरा फरक तिथे पडतो. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) प्लास्टिकचा, सारखा हलतो. कोलिमेशन (आरसे एका रेषेत आहेत ना ते) दुर्बीण पोचल्याबरोबर तपासा, कुरिअरच्या प्रवासात आरसा हलतोच, आणि मंगळाला हे फार भोवतं, शुक्राला तेवढं नाही. आयपीसला लावायच्या रंगीत फिल्टरमध्ये केशरी घ्या, मंगळाचे काळे भाग उठून दिसतात. शुक्रासाठी जांभळा सुचवतात पण सहा इंचाला तो फार अंधार करतो, पैसे घालवू नका.

शुक्र नेहमी उजेड असतानाच बघा, सूर्य मावळल्यावर लगेच, पूर्ण अंधार पडला की झगमगाटात कला नीट दिसत नाही. (सूर्य वर असताना नवख्यांनी प्रयत्न करू नये, चुकून सूर्य आला तर डोळा जाईल.) मंगळ मात्र वर चढू द्या, घाई नको, आणि गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो त्यावरून दुर्बीण लावली की प्रतिमा उकळल्यासारखी हलते, त्यापेक्षा मातीचं अंगण किंवा मैदान बरं. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवायची, आरसा गार व्हायला वेळ लागतो.

फोटोसाठी घेत असाल तर ही नको, ग्रह मिनिटभरात नजरेतून निसटतो. डोळ्यांनी बघायला घेत असाल तर बिनधास्त घ्या. मंगळाची पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ ला आहे, तेव्हा शुक्र पहाटे पूर्वेला असेल आणि मंगळ पश्चिमेला कलत असेल, म्हणजे एकाच पहाटे दोघंही मिळतील. त्याआधी एखादा हिवाळा चंद्रावर हात बसवून घ्या, २०० पटीला ग्रह हाताने धरून ठेवायला सराव लागतो.