मशाल, प्रलय की सैतान: डार्क फँटसीच्या तीन खेळांपैकी कोणता निवडावा?

रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो आणि आमच्या पाच जणांच्या गटातले दोघे डोंबिवलीहून दादरला येतात. त्यामुळे चारला ठरलेला खेळ प्रत्यक्षात पावणेपाचला सुरू होतो, साडेआठ वाजले की परतीच्या गाडीसाठी चुळबुळ होऊ लागते, आणि मधला चहा वजा जाता जेमतेम साडेतीन तास हाती उरतात. नवा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र बोलून आणि फासे टाकून चालवायचा खेळ, निवडताना बहुतेक वेळा त्याच्या विश्वाची आणि चित्रांची चर्चा होते. मुंबईत खेळणाऱ्याने मात्र आधी हे पाहावे की, या साडेतीन तासांत तो खेळ काय काय घडवू शकतो आणि एखाद्याचे पात्र मध्येच मेले तर त्या खेळाडूला किती वेळ नुसते बसून राहावे लागते. डार्क फँटसीत, म्हणजे भयाण जादुई जगातल्या खेळांत, पात्रे मरतात, तीही वारंवार, त्यामुळे हा प्रश्न येथे इतर खेळांपेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

आमचा गट ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग खेळाच्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीवर तयार झालेला आहे, आणि हा आढावा मुख्यतः अशाच गटांसाठी आहे. त्या आवृत्तीत पाच-सहा पातळ्या ओलांडल्या की पात्रे इतकी बळकट होतात की तळघराचे दार उघडताना कोणाच्याही पोटात गोळा येत नाही. ती भीती परत मिळवावी म्हणून आम्ही तीन खेळ करून पाहिले. पहिला ‘शॅडोडार्क’, केल्सी डिओन यांचा, ज्याला २०२३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर १३ लाख डॉलरहून अधिक निधी मिळाला. दुसरा पेले निल्सन आणि योहान नोर या स्वीडिश जोडीचा, २०२० मध्ये आलेला ‘मॉर्क बोर्ग’. आणि तिसरा रॉबर्ट श्वाल्ब यांचा २०१५ सालचा ‘शॅडो ऑफ द डीमन लॉर्ड’. तिघांवरही ‘डार्क’ हा एकच शिक्का मारला जातो, परंतु तिघांचा अंधार एक नव्हे. शॅडोडार्कमधला अंधार म्हणजे अक्षरशः दिवा विझल्यावर पडतो तो. मॉर्क बोर्गमध्ये तो जगाच्या ठरलेल्या अंताचा आहे. आणि डीमन लॉर्डमध्ये तो पात्राच्या मनात साचत जाणारा आहे. यांपैकी आपल्या मंडळींना कोणता मानवेल, यावरच निवड अवलंबून आहे, आणि नियमांची तुलना त्यानंतर येते.

शॅडोडार्कचा गाभा एका नियमात आहे: मशाल एक तास जळते, आणि हा तास खेळातला नसून आपल्या घड्याळातला असतो. एकाही खेळाडूच्या पात्राला अंधारात दिसत नाही, राक्षसांना मात्र दिसते. मशाल पेटवली की कोणीतरी मोबाइलवर साठ मिनिटांचा टायमर लावतो आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवतो. कागदावर हा नियम गमतीचा वाटतो. टेबलावर त्याचा परिणाम काय होतो, ते पहिल्याच बैठकीत कळले. टायमरवर नऊ मिनिटे उरली असताना आणि तीन पात्रे पाण्याने भरलेल्या भुयारात गुडघाभर चिखलात उभी असताना दाराची बेल वाजली आणि वडापाव आले. टायमर थांबवावा की नाही, यावर जो वाद झाला तो आमच्या टेबलावरचा आजवरचा सर्वांत जिवंत संवाद होता, आणि तो चालू असताना आणखी दोन मिनिटे गेली. शेवटी दार उघडायला गेलेला परत येईपर्यंतच टायमर थांबवावा असे ठरले, आणि बाकीच्यांनी एका हाताने वडापाव खात दुसऱ्या हाताने फासे टाकले. गप्पांमध्ये, नियम शोधण्यात आणि ‘आता काय करायचे’ या घोळात जाणारा वेळ येथे आपोआप खर्चात मांडला जातो, त्यामुळे ज्या गटाकडे वेळ कमी आहे त्याला हा खेळ हळूच शिस्त लावतो. मशाल विझली तर खेळ थांबत नाही. अंधारात प्रत्येक फेरीला कोणी चालून येते का, याचा फासा पडू लागतो, आणि ते ऐकताना अंगावर काटा येतो.

पाचव्या आवृत्तीतून येणाऱ्याला शॅडोडार्क शिकायला फार कष्ट पडत नाहीत, कारण पात्राचे ताकद-चपळाईसारखे सहा गुण, चिलखताचा आकडा, वीस बाजूंचा फासा आणि दोन फाशांतला चांगला घेण्याची ‘अ‍ॅडव्हांटेज’ची पद्धत या सगळ्या ओळखीच्या गोष्टी तशाच ठेवल्या आहेत. बदल ठळक आहेत. मंत्र म्हणायला फासा टाकावा लागतो आणि तो चुकला की विश्रांती घेईपर्यंत तो मंत्र हातून जातो. सामान ठेवायला ठरावीक जागा असतात आणि प्रत्येक मशाल त्यातली एक जागा अडवते. पातळी वाढवणारा अनुभव राक्षस मारून मिळत नाही, तर खजिना बाहेर आणून मिळतो. त्यामुळे लढाई टाळणे ही येथे भित्रेपणाची गोष्ट राहत नाही, तो धंद्याचा हिशेब होतो, आणि आमच्या गटातल्या सर्वांत आक्रमक खेळाडूने दुसऱ्या बैठकीत एका झोपलेल्या राक्षसाच्या उशाशी चोरपावलांनी जाऊन दिवा उचलला, हे पाहून मला खेळाची कमाल वाटली.

मॉर्क बोर्गमध्ये ही काटकसर नाही. तेथे सगळेच बुडणार आहे, हे पहिल्या पानापासून सांगून ठेवलेले असते. खेळातली पहाट झाली की गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि राक्षसांच्या बाजूने खेळणारा, एक फासा टाकतो. त्यावर १ पडला की भविष्यवाणीतले एक संकट खरे होते, आणि सातव्या संकटाला जग संपते. कोणता फासा टाकायचा हे आधीच ठरवायचे असते: शंभर बाजूंचा घेतला तर जग पुष्कळ काळ रखडते, दोन बाजूंचा घेतला तर दोन-तीन बैठकांत आटोपते. जग संपल्यावर पुस्तक जाळून टाकावे, असेही पुस्तकातच सांगितले आहे. परदेशातून टपालखर्च भरून मागवलेल्या पुस्तकाबाबत हा सल्ला कोणी पाळेल असे वाटत नाही. ही संकटे स्तोत्रांच्या भाषेत लिहिलेली आहेत, आणि आमच्या गेम मास्टरने ती वाचताना मनातल्या मनात मराठी करून, श्रावणात घरात पोथी वाचतात त्या सुरात म्हटली, तेव्हा खोली एकदम गप्प झाली. हा परिणाम नियमांनी घडवलेला नाही, भाषेने घडवला आहे, आणि मराठीत खेळणाऱ्या गटाला तो फुकटात मिळतो.

मॉर्क बोर्गचे नियम अतिशय थोडे आहेत. चार गुण, वीस बाजूंचा फासा, यशासाठी साधारण १२ किंवा त्याहून जास्त हवे. राक्षसासाठी गेम मास्टर हल्ल्याचा फासा टाकत नाही, तर खेळाडूच बचावाचा फासा टाकतो, आणि चिलखत मार चुकवत नाही, तर लागलेल्या मारातून दोन, चार किंवा सहा बाजूंच्या फाशाइतका वजा करते. प्रत्येकाकडे थोडे ‘ओमेन’ असतात, ज्यांना आम्ही सरळ शकुन म्हणतो. ते खर्चून फासा पुन्हा टाकता येतो किंवा लागलेला मार कमी करता येतो. एवढ्यावर एक संध्याकाळ उत्तम जाते. दीर्घ मोहिमेसाठी, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या सलग कथेसाठी मात्र या खेळाला फारसा आधार नाही, आणि त्याचा काळाकुट्ट विनोद चौथ्या-पाचव्या बैठकीला शिळा वाटू लागतो, असे माझे मत झाले आहे. तो विनोद आहे, हे ध्यानात न घेता जे गंभीरपणे खेळायला जातात त्यांची लवकर निराशा होते.

आता मरणाचा मुद्दा. शॅडोडार्कमध्ये हिट पॉइंट, म्हणजे पात्रात किती जीव उरला ते सांगणारे गुण, शून्यावर आले की मुख्यतः चार बाजूंच्या फाशाने ठरतील तितक्या फेऱ्या पात्राकडे उरतात. त्या अवधीत सोबत्याने सावरले नाही किंवा स्वतःच्या फाशावर २० पडला नाही, तर ते मरते. म्हणजे मरण येते, परंतु त्याआधी टेबलावरचे सगळे उभे राहून फासा पाहतात. मॉर्क बोर्गमध्ये शून्यावर नेमके थांबलात तर चार बाजूंचा फासा ठरवतो की शुद्ध हरपली, हातपाय किंवा डोळा गेला, रक्तस्राव सुरू झाला की जागीच मेलात. शून्याच्या खाली गेलात तर फासाही नाही. दोन्ही खेळांत नवे पात्र फाशांवरच तयार होते आणि आमच्या अनुभवात त्याला पाच ते दहा मिनिटे लागतात, त्यामुळे मेलेला खेळाडू पुढच्या खोलीत सापडलेला कैदी म्हणून लगेच परत येतो. डीमन लॉर्डमध्ये सुरुवातीची, शून्य पातळीची पात्रे अशीच झटपट होतात. पण पाचव्या पातळीवरचे पात्र गमावले तर त्याचे सगळे टप्पे पुन्हा रचायला अर्धा तास जातो, आणि साडेतीन तासांतला अर्धा तास ही लहान किंमत नव्हे.

तरीही डीमन लॉर्डला मी सहज बाजूला सारणार नाही, कारण वर्षभराची एक सलग कथा हवी असेल तर तिघांत तोच सर्वांत नीट बांधलेला आहे. एक साहस पूर्ण झाले की सगळ्यांची एक पातळी वाढते, पातळ्या शून्यापासून दहापर्यंत आहेत, म्हणजे ११ साहसांत मोहीम संपते; महिन्यातून एक रविवार मिळणाऱ्या गटासाठी हा हिशेब जणू मापून शिवलेला आहे. पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या पातळीला खेळाडू नवी वाट निवडतो आणि त्या वाटा हव्या तशा जोडता येतात, त्यामुळे चोर म्हणून सुरू झालेला माणूस पुढे मांत्रिक होऊ शकतो. परिस्थिती अनुकूल असेल तर ‘बून’ आणि प्रतिकूल असेल तर ‘बेन’ मिळतात. आमच्या टेबलावर त्यांना वर आणि शाप म्हणतात. ते एकमेकांना छेदतात, उरतील तितके सहा बाजूंचे फासे टाकायचे आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा मिळवायचा किंवा वजा करायचा. बेरीज-वजाबाकीची कटकट यामुळे जवळजवळ संपते. लढाईत जो फक्त चालतो किंवा फक्त हल्ला करतो त्याची पाळी आधी येते आणि दोन्ही करणाऱ्याची नंतर, ही साधी युक्ती तर मला तिन्ही खेळांत सर्वांत आवडली.

अडचण मजकुराची आहे. भयंकर काही पाहिले की वेडाचे गुण साचतात आणि ते इच्छाशक्तीच्या आकड्याला भिडले की पात्राचा तोल जातो. पापकर्मांचा स्वतंत्र हिशेब राहतो. आणि काही मंत्र तर शिसारी आणणारे आहेत. देवचार, मुंजा आणि हडळीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला भीती नवी नसते, परंतु किळस ही वेगळी गोष्ट आहे. त्यामुळे पहिल्या बैठकीआधी काय चालेल आणि काय नाही, हे मोकळेपणाने बोलून घ्यावे, आणि जॉन स्टाव्रोपोलस यांनी सुचवलेले ‘एक्स कार्ड’ टेबलावर ठेवावे: ज्याला प्रसंग नकोसा होईल त्याने त्या कार्डावर बोट ठेवायचे आणि कारण न विचारता तो प्रसंग सोडून द्यायचा. दादरच्या दोन खोल्यांच्या घरात शेजारच्या खोलीत आजी टीव्ही पाहत असताना कोणते वर्णन मोठ्याने करता येते, हाही व्यावहारिक विचार आहेच.

खर्च आणि छपाईचा विषय थोडक्यात. शॅडोडार्कच्या सुरुवातीपुरत्या नियमांच्या ‘क्विकस्टार्ट’ पुस्तिका आणि मॉर्क बोर्गचे ‘बेअर बोन्स’ हे चित्रांविना असलेले नियम, दोन्ही पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात, त्यामुळे पैसे न घालता चाचणी घेता येते. शॅडोडार्कची पाने कृष्णधवल असल्याने झेरॉक्सवाल्याकडे स्वच्छ निघतात. मॉर्क बोर्गचे मूळ पुस्तक पिवळ्याधमक आणि गुलाबी पानांसाठीच गाजलेले आहे. त्यातली चार पाने मी हौसेने झेरॉक्सला दिली तेव्हा करड्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे असा चिखल हाती आला, आणि दुकानदाराने शाई वाया गेल्याबद्दल माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती खेळाला साजेशी होती. फाशांच्या बाबतीत डीमन लॉर्ड सर्वांत स्वस्त पडतो, कारण वीस बाजूंचा एक आणि घरातल्या लुडोमधले सहा बाजूंचे, एवढ्यावर काम भागते. इतर दोघांना सात फाशांचा संच लागतो.

गेम मास्टरचे काम मॉर्क बोर्गमध्ये सर्वांत कमी आणि डीमन लॉर्डमध्ये सर्वांत जास्त. आठवडाभर कार्यालय आणि लोकल यांतून तयारीला वेळ काढणारा माणूस जर एकच असेल, तर त्याच्या मताला दोन मते धरावीत.

आम्ही महिन्याच्या ठरलेल्या रविवारसाठी शॅडोडार्क घेतला आहे, आणि डीमन लॉर्डची ११ साहसे पुढल्या वर्षासाठी राखून ठेवली आहेत. मॉर्क बोर्गची विनामूल्य प्रत मात्र फाशांच्या डब्यातच असते. जुलैतल्या एखाद्या रविवारी रुळांवर पाणी भरते, डोंबिवलीकर फोन करून येत नाही म्हणतात, आणि उरलेल्या तिघांना जगाचा अंत करायला तेवढे पुरते.