ह्यूस्टन की ऑस्टिन? टेक्सासला शिफ्ट होताय तर आधी हे बघा

टेक्सासला जॉब लागला की लोक पहिलं ऐकवतात, राज्याचा इन्कम टॅक्स नाही, मजा आहे तुमची. मजा कसली, सगळं प्रॉपर्टी टॅक्समधून वसूल होतं. ह्यूस्टनच्या बाजूला शुगर लँडच्या पुढे नवीन कॉलनीत घर घेतलंत तर काउंटी, शाळा आणि वर मडचा टॅक्स, म्हणजे पाणी-ड्रेनेजसाठी काढलेल्या डिस्ट्रिक्टचा, असं सगळं धरून घराच्या किमतीच्या अडीच टक्क्यांपर्यंत सहज जातं. ऑस्टिनला बऱ्याच ठिकाणी रेट कमी दिसतो पण मुळात घरच महाग, 2022 नंतर भाव उतरलेत तरीही. दोन्हीकडे एप्रिलच्या आसपास अप्रेझलची, म्हणजे टॅक्ससाठी धरलेल्या घराच्या किमतीची, नोटीस येते, तेव्हा साधारण 15 मेच्या आत प्रोटेस्ट टाकायचा, शेजारच्या तसल्याच घराचा आकडा पुढे करून घासाघीस करायची. इथे सगळे करतात, लाजू नका.

ह्यूस्टनचा खरा प्रश्न पाणी. 2017 च्या हार्वी वादळात शहर बुडालं, 2024 च्या जुलैत बेरिल वादळ येऊन गेलं आणि वीस लाखांहून जास्त कनेक्शनची वीज गेली, तीही ऐन उकाड्यात. त्यामुळे किचनचं ग्रॅनाइट नंतर बघा, आधी फ्लड मॅप उघडा आणि हार्वीत घरात पाणी शिरलं होतं का ते तोंडावर विचारा, मॅपवरच्या पूर-झोनबाहेर असलात तरी फ्लड इन्शुरन्स घ्याच. ऑस्टिनला हे वादळाचं टेन्शन कमी (अचानक पूर तिथेही येतात हां), पण फेब्रुवारी 2021 ची थंडी आणि वीज गेल्याचे हाल दोघांनी सारखेच भोगले, कारण टेक्सासची ग्रिड बाकी देशापासून जवळपास तुटलेली, बाहेरून वीज आणायची म्हटली तरी फारशी येत नाही.

खाण्यात मात्र ह्यूस्टनचा नाद करायचा नाही. हिलक्रॉफ्टला मेथी, फरसाण, चाट, थोडं पुढे बेलेअरला व्हिएतनामी फो (नूडल सूप), आणि सीझनला लसूण-बटरमध्ये घोळलेले व्हिएत-केजन क्रॉफिश (गोड्या पाण्यातले छोटे लॉबस्टरसारखे), हाताला दोन दिवस वास राहतो. झोनिंग, म्हणजे कुठे घर आणि कुठे दुकान याचे नियम, नसल्यामुळे शहर दिसायला अगदीच कसंतरी, मंदिराशेजारी टायरचं दुकान, पण त्यामुळेच छोट्या माणसाला दुकान टाकणं परवडतं असं माझं मत. ऑस्टिनला बार्बेक्यू आणि ब्रेकफास्ट टाको एक नंबर, बार्टन स्प्रिंग्जचं पाणी भर ऑगस्टमध्येही 20-21 डिग्री, उन्हाळ्यात काँग्रेस अव्हेन्यूच्या पुलाखालून संध्याकाळी लाखो वटवाघळं निघतात. देशी खाणं शहरात कमी, राउंड रॉक-सीडर पार्ककडे जावं लागतं.

राजकारणावर बरेच जण गोंधळतात. दोन्ही शहरं डेमोक्रॅट, पण 1994 नंतर राज्यपातळीवर एकही डेमोक्रॅट निवडून आलेला नाही, आणि शहराने काही ठरवलं की कॅपिटॉल (राज्याचं विधिमंडळ) किंवा कोर्ट ते मोडून काढतं. ऑस्टिनची प्लॅस्टिक पिशवीबंदी 2018 मध्ये अशीच गुंडाळावी लागली. ह्यूस्टन शहराचा शाळा डिस्ट्रिक्ट 2023 मध्ये राज्याने थेट ताब्यात घेतला, शुगर लँड फोर्ट बेंडच्या डिस्ट्रिक्टमध्ये येतं म्हणून त्यातून वाचलं. गर्भपाताचा कडक कायदा राज्यभर एकच, तेव्हा बाळाचं प्लॅनिंग असेल तर त्याचा विचार टेक्सासला यायच्या आधी करा, शहर बदलून काही फरक पडत नाही. फोर्ट बेंड काउंटी एकेकाळी रिपब्लिकनांचा बालेकिल्ला, त्यांचा बडा खासदार टॉम डिले तिथलाच, 2016 पासून उलटली, आणि त्यात आपल्या देशी मतांचाही हात आहे. (शुगर लँडला साखर कारखाना खरोखर होता, 2003 ला बंद पडला, चेअरमनकीची भांडणं नव्हती एवढंच.)

माझं विचाराल तर मुलं असतील, आईबाबा सहा महिने येऊन राहणार असतील तर शुगर लँड, मीनाक्षी मंदिर आणि स्टॅफर्डचं स्वामीनारायण मंदिर दोन्ही गाडीने जवळ. एकटे किंवा दोघंच असाल, टेकमध्ये असाल, ट्रेल आणि गाण्यांची आवड असेल तर ऑस्टिन, फक्त पहिलं वर्ष भाड्याने राहा, कारण डिसेंबर-जानेवारीत तिथे सीडरचे परागकण उडतात आणि आयुष्यात कधी ॲलर्जी न झालेली माणसंही नाक धरून बसतात.